जिन्याखालचं टेबल, वरचं केंद्र

आमच्या विधी महाविद्यालयाने मागे एक स्मरणिका काढली. तिच्यातला ‘संशोधन केंद्रे व उपक्रम : एक आढावा’ हा लेख लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण आढाव्यातली बाकीची माणसं रत्नागिरी सोडून केव्हाच गेली होती आणि मी जागचा हललो नव्हतो. लेख दोन पानांचा झाला. प्रत्येक केंद्राची स्थापना, उद्घाटक, उद्दिष्टं, सगळं त्यात आलं. छापून आल्यावर वाचला तेव्हा त्यात खोटं काही सापडलं नाही. पण ऐंशीच्या दशकातली पाच-सहा वर्षं मी त्या केंद्रांकडे इतक्या बारकाईने का बघत होतो, त्याचं कारण लेखात कुठेच नव्हतं. मला मत्सर वाटत होता. स्मरणिकेत त्यासाठी सदर नसतं, म्हणून इथे लिहितो.

पहिलं केंद्र माझं होतं. ते केंद्र होतं हे मात्र फक्त मला माहीत होतं.

सकाळी साडेसात ते साडेनऊ मी कॉलेजात मालमत्तेचा कायदा शिकवायचो आणि अकराला काळा कोट चढवून कोर्टात जायचो. शनिवारी दुपारी गोरगरिबांना मोफत सल्ला द्यावा, असं कुठल्याशा परिपत्रकात आलं. प्राचार्यांनी शिक्षकांच्या बैठकीत विचारलं, “कोण करील?” सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी बघायला उशीर केला. अशा रीतीने माझी नेमणूक झाली. जिन्याखाली एक टेबल मिळालं, दोन खुर्च्या मिळाल्या आणि एका विद्यार्थिनीने पुठ्ठ्यावर ‘विधी सल्ला’ असं रंगवून दिलं. पहिल्याच पावसाळ्यात तो रंग ओघळला. नवा पुठ्ठा कोणी केला नाही, कारण येणाऱ्यांपैकी फार थोडे तो वाचत होते.

लोक मात्र यायचे. राजापूर, लांजा, संगमेश्वर इकडून सकाळची एस.टी. पकडून, पिशवीत सातबारे आणि भाकरी घेऊन. भांडणं बहुतेक वाटेची, विहिरीची, बांधावरच्या दगडी गडग्याची आणि झाडांची. झाडांची भांडणं मला सगळ्यात आवडायची. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं. कुणाच्या आज्याने भावकीच्या जागेत, भावकीच्या परवानगीने आंबा किंवा फणस लावलेला असतो, आणि लावील त्याचं झाड हा रिवाज सगळा गाव पाळत आलेला असतो. पुस्तकात याबद्दल चार ओळी सापडतात. टेबलावर दर शनिवारी चार माणसं यायची. मी ऐकलेलं लिहून ठेवायला लागलो. कुठल्या गावात पाडाचा आंबा कोणाचा, वठलेल्या झाडाचं लाकूड कोणाचं, फांदी शेजाऱ्याच्या छपरावर गेली तर काय. चार वर्षांत चार जाड वह्या भरल्या. कधीतरी यांचं पुस्तक होईल आणि त्या पुस्तकामुळे कॉलेजात मला एक खोली मिळेल, असं माझ्या मनात होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे कोणी ते ऐकलं नाही, यात कोणाचा दोष नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, न सांगता कळायला हवं.

दुसरी वही चालू होती तेव्हा डॉक्टर आले.

ते पुण्याचे. पूर्णवेळ अध्यापक, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कायद्यात डॉक्टरेट केलेले. स्वच्छ बोलायचे, सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचे, शिपायालासुद्धा. सहा महिन्यांत त्यांनी प्राचार्यांपुढे एक टाचण ठेवलं आणि वर्षाच्या आत पहिल्या मजल्यावर ‘कोकण विधी संशोधन केंद्र’ उभं राहिलं. उभं राहिलं म्हणजे, जुन्या वाचनालयाची खोली रिकामी करून तिच्यात काचेचं कपाट आलं, मोठं टेबल आलं, पितळी अक्षरांची सागवानी पाटी आली, रबरी शिक्का आला आणि छताला पंखा आला.

तो पंखा मी अजून विसरलेलो नाही. मे महिन्यात जिन्याखाली मी सातबाऱ्याने वारा घेत बसायचो आणि माझ्या डोक्यावर, बरोबर वर, तो फिरायचा. आवाज खाली यायचा, वारा यायचा नाही.

घरी मी रोज जेवताना या केंद्राचा अहवाल द्यायचो. पाटी केवढी मोठी, शिक्क्यात नारळाचं झाड काढलंय, कायद्याचा नारळाशी काय संबंध. बायको आमटी वाढता वाढता म्हणाली, “अहो, तुम्हाला नक्की काय हवंय? केंद्र की पंखा?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“मग पंख्याचं काहीतरी बघता येईल.”

डॉक्टरांचा उत्साह मात्र थांबत नव्हता. केंद्रानंतर उपक्रम सुरू झाले. सागरी कायद्याच्या अभ्यासासाठी विद्यार्थी हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला गेले. लिलाव तोंडी असतो, हे निरीक्षण नोंदवून आणि दोन सुरमया घेऊन परत आले. कामगार कायद्याच्या उपक्रमात लोट्याच्या एका कारखान्यात गेले, तिथे त्यांना जेवण मिळालं, आणि टिपणात कॅन्टीनविषयी एक पूर्ण परिच्छेद आला. मी हे सगळं वाचायचो. माझ्याइतकं त्या केंद्राचं प्रकाशित साहित्य कोणी वाचलं नसेल. चुका शोधायला वाचायचो, आणि सापडली की दिवस चांगला जायचा.

मोठी अडचण ही होती की डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मत्सर करायला माणूस थोडा तरी उर्मट असावा. हे गृहस्थ मला बघितलं की जिन्यात थांबायचे आणि म्हणायचे, “सर, खरं काम तर आपण करताय.” मला वाटायचं, मग पाटी काढून इथे लाव ना.

एका दिवाळीच्या सुट्टीआधी ते माझ्या टेबलापाशी आले आणि समोरच्या, लोकांच्या खुर्चीत बसले.

“सर, केंद्रातर्फे झाडांच्या मालकीच्या रिवाजांचा सर्वे करतोय. चाळीस गावं. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन जातील.”

माझा विषय. माझी झाडं. वह्या तेव्हा टेबलाच्या खणातच होत्या, माझ्या गुडघ्याला टेकून.

“छान,” मी म्हटलं.

“आपला खेड्यांतला अनुभव मोठा आहे. मुलांना पाठवताना काय काळजी घ्यावी?”

त्या क्षणी सांगण्यासारख्या निदान दहा गोष्टी मला माहीत होत्या. त्यांतली एकही मी सांगितली नाही. मी हसलो आणि म्हटलं, “तुम्ही डॉक्टर. तुम्हाला मी काय सांगणार?”

त्यांना तो विनय वाटला. ते आभार मानून वर गेले.

पुढच्या वर्षी अहवालाचं प्रकाशन झालं. मुंबईहून एक निवृत्त न्यायमूर्ती आले होते. हार, शाल, श्रीफळ, समई, आणि समईची वात दर दोन मिनिटांनी विझवणारा तोच पंखा. शेवटी प्राचार्यांनी पंखा बंद करायला सांगितलं आणि सगळे मान्यवर घामाघूम झाले. मला बरं वाटलं. न्यायमूर्तींनी पाऊण तास भाषण केलं. त्यावरून त्यांनी अहवाल उघडला नसावा असं दिसत होतं, पण कौतुक इतकं केलं की उघडून एवढं करता आलं नसतं.

मी शेवटच्या रांगेत बसून अहवाल उघडला. आधी ऋणनिर्देशाचं पान. मत्सर असलेला माणूस कुठलंही पुस्तक तिथूनच वाचतो. माझं नाव आहे का बघितलं. नव्हतं. का असावं? मग खालची यादी दिसली. ‘ज्यांच्या पडवीत बसून आमच्या विद्यार्थ्यांनी माहिती संकलित केली आणि ज्यांनी अगत्याने पाहुणचार केला’ त्या चाळीस गावांतल्या चाळीस यजमानांची नावं.

मी ती यादी दोनदा वाचली. ज्यांना झाडांवरून कोर्टात खेचावं असं माझ्याकडच्या लोकांना वाटायचं, त्यांतले निम्मे त्या यादीत होते.

घडलं होतं ते साधं होतं, आणि आमच्याकडेच घडेल असं होतं. परगावचा माणूस गावात आला की आधी मोठ्या घराच्या पडवीत जातो. तसं न जाणं हा अपमान. मुलं रीतसर तिथे गेली, पाण्याबरोबर गूळ खाल्ला, चहा घेतला आणि तिथेच प्रश्नावली पसरून बसली. घरमालकाने गड्याला पाठवून एकेकाला बोलावून घेतलं. एकेक जण आला, अंगणात उभा राहिला, आणि ज्याच्या जागेत त्याचं झाड होतं त्याच्यासमोर त्याला विचारण्यात आलं, झाड कोणाचं? अहवालाचा निष्कर्ष काळ्या ठळक अक्षरांत होता : ‘झाड जमीनमालकाचेच, अशीच सर्वत्र धारणा आढळते. स्वतंत्र मालकीचा रिवाज आज अस्तित्वात नाही. यासंबंधी वाद नाहीत.’

वाद नाहीत! मी खालच्या मजल्यावर दर शनिवारी काय करत होतो मग?

मला पुस्तकावर तारीख घालायची सवय आहे. समासात पेन्सिलीने ‘पडवी!!’ असं लिहिलं, खाली त्या दिवसाची तारीख टाकली. मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मी खूश होतो. कधीतरी कोणीतरी ही चूक काढील, चार लोकांसमोर काढील, आणि तेव्हा मी तिथे असेन, एवढीच माझी अपेक्षा होती.

यादीतल्या एका नावाकडे मी मुद्दाम दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. लांज्याच्या पलीकडच्या एका वाडीतल्या एका विधवा बाईंचा तो चुलत दीर. सर्वेच्या आधीच्या वर्षी त्या माझ्या टेबलावर आल्या होत्या. साठीच्या, लहानखुऱ्या, बसा म्हटलं तरी खुर्चीच्या कडेला टेकणाऱ्या. सगळे त्यांना काकी म्हणत, मीही म्हणायला लागलो. तिसऱ्या वहीत त्यांचं पान होतं. सासऱ्याने भावाच्या जागेत लावलेला फणस. आजवर फळ यांनीच काढलं, आता दिराची नजर फिरली होती.

प्रकाशनानंतरच्या मे महिन्यात काकी परत आल्या. या वेळी बसल्याही नाहीत.

“वकीलसायेब, दीर तो फणस तोडतोय. इसार घेतलान लाकडाचा. करवतवाले बगून गेले.”

“फळ आहे झाडावर?”

“खोडापासनं शेंड्यापातूर लागलाय. माजा मुलगा मुंबैला, ह्यो काय इचारतोय मला?”

मी दावा लावला. झाड तोडायला तात्पुरती मनाई मिळाली. पुढच्या तारखेला मनाई कायम होते की उठते, यावर फणस राहणार की जाणार ते ठरायचं होतं. उठली असती तर संध्याकाळी करवत लागली असती. आमची बाजू एका रिवाजावर उभी होती, लावील त्याचं झाड.

तारखेला दिराचे वकील उठले आणि त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून न्यायाधीशांपुढे ठेवलं. वर शिक्का, शिक्क्यात नारळाचं झाड.

“या गावात असा रिवाजच नाही, साहेब. हे संशोधन आहे. गाव क्रमांक सव्वीस.”

न्यायाधीशांनी पान उघडलं, वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “हे तुमच्याच कॉलेजचं ना?”

“हो, साहेब.”

“मग तुमचं काय म्हणणं आहे?”

पुस्तक लिहिणाऱ्याला तपासल्याशिवाय ते पुराव्यात घेऊ नये, असं मी म्हटलं. कायद्याने ते बरोबरच होतं. न्यायाधीश म्हणाले, “मग तपासा की. वरच्या मजल्यावर तर बसतात. पुढच्या आठवड्यात आणा.” कोर्टात थोडं हसू पसरलं.

बाहेर काकी उभ्या होत्या. मी विचारलं, “काकी, मुलं आली होती तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

“मी काय सांगनार? दिराच्या पडवीत बसलेली पोरं. ह्यो बाजूला सुपारी कातरत. मला इचारलान, झाड कोनाचं? मी बोल्ले, ज्याची जागा त्याचं.”

“खोटं का सांगितलंत?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू शिकून मी वाया गेलोय. “मंग काय त्याच्या दारात उबी ऱ्हाऊन त्याच्या तोंडावर बोलू? पोरांनी माज्या घरी येऊन इचारायचं होतं. शंभर पावलावर तर हाय.”

मुलांना सांगायच्या दहा गोष्टींतली ती पहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढलो. केंद्राची स्थापना होऊन तीन वर्षं झाली होती, आणि उद्घाटनं सोडली तर मी पहिल्यांदाच वर जात होतो. डॉक्टर उभे राहिले, पंखा वाढवला. मी माझी प्रत टेबलावर ठेवली, यादी उघडली आणि पडवीचं सगळं सांगितलं. आत्ताच लक्षात आलं अशा सुरात सांगितलं. खणातल्या वह्याही बरोबर नेल्या होत्या. सव्वीस नंबरच्या गावाचं पान दाखवलं.

ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. या क्षणाची मी वर्षभर वाट बघितली होती. मजा येत नव्हती. मग त्यांनी माझी प्रत जवळ ओढली आणि पान नीट बघितलं, तेव्हा मला समासातली पेन्सिल आठवली. ‘पडवी!!’ आणि खाली तारीख. त्यांचं बोट त्या तारखेवर थांबलं. ती तारीख त्यांना ओळखीची असणारच. आयुष्यात त्यांना शाल एकदाच मिळाली होती, ती त्या दिवशी.

त्यांनी पुस्तक मिटलं. “कोर्टात किती वाजता यायचं, सर?”

ते आले. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि वर्गात शिकवावं तसं शांतपणे म्हणाले की पद्धत चुकली. ज्यांच्या पडवीत बसून विचारलं त्यांच्याविरुद्ध तिथे कोणी बोलणं शक्य नव्हतं. या मुद्द्यावर निष्कर्ष मागे घेतो. दिराचे वकील उलटतपासाला उठले. हुशार माणूस, त्यांना वास लागला होता.

“ही चूक तुमच्या लक्षात कधी आली?”

“मागच्या आठवड्यात.”

“कोणी आणून दिली?”

“या सरांनी.” माझ्याकडे हात.

“आणि यांच्या लक्षात कधी आली?”

मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला लागलो. काय लिहिलं ते आठवत नाही.

“ते मी त्यांना विचारलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

अगदी खरं उत्तर होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. वाचलं होतं.

मनाई कायम झाली, फणस राहिला. जाता जाता न्यायाधीश म्हणाले, स्वतःचं छापलेलं चूक आहे असं सांगणारा संशोधक आपण पहिल्यांदा बघितला. ते वाक्य दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात आलं, डॉक्टरांच्या फोटोसकट. चुकीची दुरुस्ती करूनसुद्धा तोच माणूस मोठा झाला, आणि या वेळी मला चूकही काढता येईना. मी ते कात्रण कापलं नाही, पण कुठल्या पानावर होतं ते आजही सांगू शकतो.

पुढच्या शनिवारी काकी आल्या. डोक्यावर एक फणस, मागून शेजारणीच्या डोक्यावर दुसरा. माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी उठून उभा राहिलो.

“वकीलसायेब, ते पुन्याचे सायेब कुठं बसतात?”

मी वर बोट दाखवलं. काकी स्वतःच्या डोक्यावरचा मोठा फणस घेऊन जिना चढून गेल्या. पंख्याखाली त्यांचं हसणं ऐकू आलं. खाली आल्यावर शेजारणीच्या डोक्यावरचा लहान फणस उतरवून माझ्या टेबलाखाली ठेवला.

“तो कापा हाय, त्यांना दिला. पाहुने मानूस. ह्यो हिच्या झाडाचा, बरका. तुमी काय, आपल्यातलेच.”

बरका, म्हणजे गिळगिळीत गऱ्यांचा; कापा घट्ट गऱ्यांचा. कोकणात पाहुण्याला कापा देतात आणि घरच्यांनी बरका खायचा असतो. हा मान आहे हे मला कळत होतं. तरी पाच वर्षं जिन्याखाली बसलो मी, आणि कापा गेला वर.

अर्ध्या तासाने डॉक्टर जिन्यात दिसले. दोन्ही हातांत फणस, शर्टाला चीक लागलेला, चेहरा गोंधळलेला.

“सर, हा फोडतात कसा?”

‘तुम्ही डॉक्टर’ हे शब्द तोंडात तयार होते. मी ते गिळले. शिपायाला खोबरेल तेल आणि कोयता आणायला सांगितलं, खाली वर्तमानपत्र पसरलं, आणि त्यांना सगळं सांगितलं: हाताला आधी तेल, कोयत्यालाही, उभा कापायचा, मधला दांडा आधी काढायचा, चीक पाण्याने जात नाही. आणि मग, फणस संपेपर्यंत, बाकीच्या नऊ गोष्टीही सांगितल्या. त्यांनी खिशातून कागद काढून, तेलकट हातांनी लिहून घेतल्या.

गरे खडखडीत निघाले, मधासारखे. अर्धे मी घरी नेले. पेन्सिलीच्या त्या तारखेचं मात्र डॉक्टरांनी शेवटपर्यंत विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.